रात्री नऊची गोळी

श्रावण निम्मा सरला की आमच्या हर्णैच्या बाजूला औषधाच्या दुकानात बायकांची ये-जा वाढते. गणपतीत पाळी येऊ नये म्हणून गोळ्या हव्या असतात. दोघी-तिघी मिळून जातात, कधी सासूच सुनेसाठी घेऊन येते. दुकानदार काही न विचारता पुडीत बांधून देतो. लग्न झाल्यापासून मीही दर वर्षी घेत आले. घरात मुंबईची चार बिऱ्हाडं उतरलेली, आरत्या, गौरीचं जेवण, आणि अशात एक बाई बाहेर बसली तर बाकीच्यांचे हाल. त्यामुळे ही गोळी उदबत्ती-कापरासारखीच सामानाच्या यादीत असते. तिची लाज कुणालाच वाटत नाही.

गेल्या वर्षी गणपती होऊन महिना झाला आणि त्याच दुकानात मी दुसरी गोळी मागितली. पाळणा लांबवायची. दुकानात दोन पुरुष उभे होते. दुकानदाराने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "मिस्टरांना पाठवा." मी तशीच पायरी उतरले. कान तापले होते. घरी येईपर्यंत मला एवढंच कळेना, की ती गोळी माझ्याच पोटात जाणार होती आणि हीसुद्धा माझ्याच पोटात जाणार आहे, मग एक मागितली की पुडी मिळते आणि दुसरी मागितली की नवरा का लागतो?

माझी मुलगी तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. सिझेरियन झालेलं. पुढच्या वेळी निदान दोन-तीन वर्षांचं अंतर ठेवा, असं डॉक्टरांनी घरी सोडतानाच बजावलं होतं. शिवाय माझं हिमोग्लोबिन ९.२. पाळीत अंगावरून इतकं जायचं की दुसऱ्या दिवशी दापोलीला पतपेढीत कामाला जाताना एसटीत उभं राहवत नसे. तांबी बसवायचा विचार केला होता, पण तांबीने पहिले काही महिने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून मला ती नको वाटली. तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन माझ्या जावेने घेतलं होतं. तिची पाळी आधी अनियमित झाली, मग बंदच झाली. ते धोक्याचं नाही हे मला नंतर समजलं, पण तेव्हा तिची काळजी बघून मी मागे सरले. राहिला निरोध. नवरा होडीवर खलाशी. पाच-सहा दिवस समुद्रावर, मग दोन-तीन दिवस घरी. निरोध घरात असला तर वापरायचा, नसला तर देवावर हवाला. प्रत्येक महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस मी जीव मुठीत धरून काढत होते.

शेवटी आशाताईंना गाठलं. त्या आमच्याच वाडीतल्या, गावच्या आशा आरोग्यसेविका. "दुकानात कशाला गेलीस गो? माझ्याकडे पडल्येत ना पाकिटं," म्हणाल्या. पण लगेच हातात दिलं नाही, आधी आरोग्य केंद्रात चल म्हणाल्या, आणि ते बरं झालं.

केंद्रात नव्याने आलेल्या डॉक्टर मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी रक्तदाब मोजला, ११२/७४. मग प्रश्न. अर्धशिशी आहे का, आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चकाकल्यासारखं होतं का? पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का? कावीळ? छातीत गाठ? टीबीच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू आहेत का? विडी-सिगारेट ओढता का? आधी मला हे प्रश्न उगीचच वाटले. मग त्यांनी एकेक समजावून सांगितला. या गोळीत दोन हार्मोन असतात. रक्तदाब जास्त असेल, तसली अर्धशिशी असेल, पस्तिशीच्या पुढे धूम्रपान चालू असेल, तर रक्ताची गाठ होण्याचा किंवा अर्धांगवायूचा धोका वाढतो, मग ही गोळी देत नाहीत. टीबीच्या रिफॅम्पिसिनने आणि फिटच्या काही औषधांनी गोळीचा असर कमी होतो. बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने ही गोळी नको. अशा बायकांसाठी 'छाया' नावाची गोळी असते, तिच्यात हार्मोन नाहीत, ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदाच घ्यायची. नवऱ्याची परवानगी आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. मी मनातल्या मनात त्या प्रश्नाची वाट बघत होते. तो आलाच नाही, तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं.

पाकिटाचं नाव माला-एन. सरकारी, फुकट. एका पाकिटात २८ गोळ्या. २१ पांढऱ्या, मसुराच्या डाळीएवढ्या, आणि शेवटच्या ७ गडद रंगाच्या, ज्यांना सगळे काळ्या गोळ्या म्हणतात. पांढऱ्यांत औषध, काळ्यांत लोह. पांढऱ्या संपून काळ्या सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. काळ्या संपल्या की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट, मध्ये एकही दिवस सुटा नाही. मी पहिल्या रात्री ती गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसले. पांढऱ्या गोळीत सगळ्यात जास्त जे औषध आहे, ते ०.१५ मिलिग्रॅम. मिठाचा एक कणसुद्धा यापेक्षा फार लहान नसेल. तेवढ्याशा औषधाने अंडाशयातून बीज सुटायचं थांबतं.

सुरुवात पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत करायची. मी दुसऱ्या दिवशी केली. तशी केली की संरक्षण लगेच सुरू होतं, त्यानंतर केली तर पहिले सात दिवस निरोधही वापरावा लागतो.

पहिला महिना मळमळीत गेला. मी सकाळी चहाबरोबर गोळी घेत होते आणि आठच्या एसटीत आसूदच्या वळणांवर जीव नकोसा व्हायचा. आशाताई म्हणाल्या, रात्री जेवून घे. तशी घ्यायला लागले आणि आठवड्यात मळमळ गेली. दुसऱ्या पाकिटाला मधेच डाग पडायला लागले. छाती दुखायची. तेव्हा मी सोडणारच होते. आमच्या वाडीत गोळी सोडलेल्या ज्या ज्या बायका मला माहीत आहेत, त्या सगळ्या याच टप्प्यावर सोडलेल्या. शरीराला सवय व्हायला तीन महिने लागू शकतात हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं म्हणून मी थांबले. तिसऱ्या पाकिटाला डाग बंद झाले. पाळी चार दिवसांची झाली आणि रक्तस्राव निम्म्यावर आला.

इथपर्यंत सगळं ठीक. चूक दुसरीकडेच होत होती. मी गोळी लपवत होते.

नवऱ्याला माहीत होतं. तो म्हणाला होता, "तुला त्रास नाही ना होत? मग घे." पण सासूबाईंना सांगायची माझी हिंमत नव्हती. त्यांना नातू हवा होता, आणि ते त्या रोज एकदा तरी बोलून दाखवत. म्हणून पाकीट मी माजघरातल्या ट्रंकेत ठेवलं होतं, मुलीच्या जुन्या झबल्यांच्या खाली. ट्रंकेची कडी वाजते. म्हणजे माजघर रिकामं असेल तेव्हाच ती उघडायची. कधी साडेनऊ, कधी अकरा, कधी सगळे झोपल्यावर मोबाइलच्या उजेडात. एक-दोनदा दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं, तेव्हा लगेच घेतली आणि रात्रीची रात्री घेतली. एक चुकली तर तेवढं पुरतं.

पौषात सासऱ्यांना ताप आला. ते माजघरातच झोपून, ट्रंकेला पाय लावून. नवरा समुद्रावर. मी विचार केला, तो कुठे घरात आहे, दोन-तीन दिवस नाही घेतली म्हणून काय होतंय! तीन रात्री घेतली नाही. तिसऱ्या रात्रीच इंजिनात बिघाड होऊन होडी लवकर परत आली.

चौथ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती दचकूनच. आशाताईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. आत्ता उठ, एक गोळी घे, पुढच्या रोजच्या वेळेला घेत राहा आणि सात दिवस निरोध वापरल्याशिवाय जवळ जायचं नाही, म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यात असं झालं असतं तर काळ्या गोळ्या सोडून थेट नवं पाकीट लावायला सांगितलं असतं, आणि पहिल्या आठवड्यात झालं असतं तर ७२ तासांच्या आतली तातडीची गोळी घ्यावी लागली असती. माझी अकरावी गोळी होती आणि आधीच्या आठ न चुकता घेतलेल्या होत्या म्हणून एवढ्यावर भागलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. गोळी नवरा घरी असतो त्या दिवसापुरती काम करत नाही. ती अंडाशयाला झोपवून ठेवते, आणि झोप मोडली की पुन्हा लागायला सात दिवस सलग गोळ्या लागतात. नवरा होडीवर असो, मुंबईला असो नाहीतर आखातात असो, तो शिमग्याला येणार असेल तर गोळी होळीच्या दिवशी सुरू करून उपयोग नाही.

आमच्या किनाऱ्यावर हे प्रत्येक बाईला माहीत असायला हवं, कारण आमचे पुरुष असेच येऊन-जाऊन असतात.

त्या महिन्यात काळ्या गोळ्या सुरू झाल्या आणि पाळी आली नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. आशाताईंनी 'निश्चय' दिलं, लघवी तपासायची सरकारी पट्टी. पहाटे मोरीत उभी राहून मी थेंब टाकले. पाच मिनिटं त्या नखाएवढ्या चौकोनाकडे बघत राहिले. एकच रेघ. म्हणजे दिवस गेलेले नव्हते. पायातलं बळच गेलं. त्या गडबडीत पट्टी मोरीच्या कोनाड्यात, साबणाच्या मागे राहिली, आणि ती सासूबाईंना सापडली.

सासूबाई चाळीस वर्षं बंदरावर लिलावात मासे घेऊन दापोलीत विकत आल्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. संध्याकाळी मी घरी आले तर त्या पडवीत सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या. पट्टी बाजूला, कागदावर. "दिवस गेलेत काय गो?"

मी नाही म्हटलं. मग सगळं सांगितलं. तांदूळ निवडता निवडता त्या ऐकत होत्या, हात थांबले नाहीत. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण त्या स्वतःचंच सांगायला लागल्या. पाच बाळंतपणं, सगळी आठ वर्षांत. त्यातलं तिसरं सहाव्या महिन्यात गेलं. चौथ्याच्या वेळी पाटी डोक्यावर घेऊन घाटी चढताना चक्कर येऊन पडल्या. पाचव्यानंतर शिबिरात नेऊन ऑपरेशन केलं. "थांबवायला माणसं जीप घेऊन दारात आली. लांबवायला कोण आलं नाय."

मग म्हणाल्या, "बघू तुझी ती गोळी."

मी ट्रंक उघडली, कडी वाजवत. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी पाकीट उजेडात धरलं आणि अंगठ्याने एकेक फोड चाचपत मोजलं, रिकाम्या किती, भरलेल्या किती. काळ्यांवर बोट थांबलं. "ह्या कसल्या?" लोहाच्या, म्हटलं. "मग ह्या चुकवू नको, तुझ्या अंगात रक्त नाय," म्हणाल्या.

दुसऱ्या रात्री स्वयंपाकघरातल्या फळीवर त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा जो डबा आहे, घट्ट झाकणाचा, पावसातल्या दमट हवेसाठी ठेवलेला, त्यात त्यांनी जागा केली. "तुझी हितं ठेव." तेव्हापासून रात्री नऊला जेवणं आटोपली की त्या डबा काढतात. एक गोळी त्यांची, एक माझी. त्यांचीही आधी आठवड्यातून दोनदा चुकायची. आता दोघींची चुकत नाही. पाळी दोन दिवसांनी आलीच होती, तेही सांगायला हवं. गोळीवर असताना ती कधी अगदी थोडी येते, एखाद्या महिन्यात येतही नाही, हे केंद्रातल्या सिस्टरनी नंतर सांगितलं.

रोज ठरलेल्या वेळी घेतली तर वर्षभरात १०० बायकांमध्ये एकीलाही दिवस राहतील अशी शक्यता कमी. पण बायका प्रत्यक्षात घेतात तशी घेतली तर १०० मध्ये साधारण ७ जणींना राहतात. मधला हा फरक बायकांच्या विसरभोळेपणावर घालतात. माझं म्हणणं असं, की त्यातला बराचसा ट्रंकेच्या कडीचा आहे. जी वस्तू घरात चोरून ठेवावी लागते ती वेळेवर हाताला लागणार कशी?

मला यात एक गोष्ट फार लागते. हर्णैहून मुरुड रिक्षाने जवळच. पर्यटकांना आम्ही महर्षी कर्व्यांचं गाव म्हणून दाखवतो. त्यांचा मुलगा रघुनाथ, तोही मुरुडचाच, १८८२ चा जन्म. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी त्यापायी गेली. १९२७ पासून शेवटपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. गोळी तेव्हा नव्हतीच. अमेरिकेत तिला मान्यता मिळाली १९६० साली. म्हणजे आमच्या तालुक्यातला माणूस जगात गोळी यायच्या कितीतरी आधी हे उघड्यावर बोलत होता, आणि मी त्याच तालुक्यात मोबाइलच्या उजेडात ट्रंक उघडत होते.

वाडीत कळल्यावर काय काय ऐकलं तेही सांगते. गोळ्या पोटात साठून गोळा होतो. होत नाही, त्या विरघळून बाहेर जातात, म्हणून तर रोज घ्यावी लागते. उष्ण पडते, आंब्याच्या दिवसांत घेऊ नये. मी अख्खा वैशाख घेतली. पुढे मूल राहत नाही, ही भीती सगळ्यात मोठी. गोळी बंद केल्यावर बहुतेकींची पाळी एक ते तीन महिन्यांत पहिल्यासारखी होते, आणि काहींना तर पहिल्याच महिन्यात दिवस राहतात. या तीन गोष्टी आता माझ्याऐवजी सासूबाईच शेजारणींना सांगतात. नातू मात्र त्यांना अजून हवाच आहे. परवाच म्हणाल्या, "पुढच्या वर्साला बघा हो." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हिमोग्लोबिन आता १०.९ आहे. ते ११ च्या वर जाऊ दे, मुलगी अंगणवाडीत रुळू दे, मग आम्ही दोघं ठरवू.

जून-जुलैची मासेमारी बंदी संपून होड्या पाण्यात गेल्या. नवऱ्याच्या पहिल्या फेरीला मी शिदोरी बांधून दिली, आणि त्याने जाता जाता विचारलं, "नवं पाकीट आणलंस ना?" आणलंय. पुढच्या महिन्याचंही आणून ठेवलंय, कारण गणपतीत आशाताईंच्याही घरी पाहुणे असणार.

गणपतीवरून आठवलं. गेल्या रविवारी सासूबाई कॅलेंडरसमोर उभ्या राहून बोटं मोजत होत्या. माझ्या काळ्या गोळ्या नेमक्या गौरी येतात त्या दिवसांत येतायत. म्हणाल्या, दुकानातली गोळी आणू काय? मी केंद्रात जाऊन मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, दुकानातली ती गोळी फक्त पाळी पुढे ढकलते, दिवस राहण्यापासून वाचवत नाही. आणि तुम्ही माला-एनवर आहात तर तिची गरजच नाही. पांढऱ्या संपल्या की काळ्या बाजूला ठेवा, दुसऱ्या पाकिटातल्या पांढऱ्या लगेच सुरू करा, पाळी तेवढी पुढे जाईल. मधे थोडे डाग पडले तर घाबरू नका.

घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी यादीतल्या त्या ओळीवर मला काट मारायला लावली. मग डबा उघडून माझं नवं पाकीट जुन्याच्या खाली नीट सरकवलं, आणि ढकलून दिलेल्या दिवसांतल्या लोहाच्या सात गोळ्या मला वेगळ्या घ्यायला मिळतील का, तेवढं मॅडमना विचारून यायला सांगितलं.